मदत किती लागली? स्वमग्न मुलाच्या शाळेच्या पहिल्या वर्षांसाठी

बालवर्गातलं एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल १ ते १०० घडाघडा म्हणून दाखवतं. त्याच्यापुढे दहा बटणं ठेवून "मला तीन दे" म्हटलं, की ते ओंजळभर उचलून देतं. दुसरं मूल तोंडाने एकही आकडा म्हणत नाही, पण टेबलाभोवतीच्या चौघांना एकेक पेन्सिल चोख वाटतं आणि एक उरली तर ती परत डब्यात ठेवतं. प्रगतिपुस्तकात कौतुक पहिल्याचं होतं. गणित मात्र दुसऱ्याला जास्त कळलेलं असतं.

साधारण तीन ते सात वर्षांच्या या टप्प्यात पालकांची निम्मी दमणूक चुकीच्या मापांनी होते. शेजारच्या मुलाची वही, 'अजून बोलत नाही', 'अजून रांगेत थांबत नाही' अशी ती मापं. आमचं सांगणं असं, की सुरुवातीची दोन-तीन वर्षं एकच गोष्ट मोजा: तेच काम करायला गेल्या आठवड्यात किती मदत लागली आणि या आठवड्यात किती. पुढचं सगळं या मापाला धरूनच आहे.

मदतीच्या पायऱ्या

खिशात मावेल अशी एक वही करा. एका वेळी एकच काम निवडा आणि दिवसातून एकदाच आकडा लिहा. हात धरून करून घ्यावं लागलं तर ४. मनगटाला किंवा कोपराला नुसता स्पर्श पुरला तर ३. बोट दाखवलं किंवा आपण करून दाखवलं तर २. भिंतीवरच्या चित्राकडे बघून केलं तर १. आपणहून केलं तर ०.

तोंडी सूचना या यादीत मुद्दामच नाही. 'बूट घाल, अरे बूट घाल, बूट कुठंय?' ही मदत द्यायला सगळ्यात सोपी आणि काढून घ्यायला सगळ्यात अवघड. महिनाभरात मुलाच्या दृष्टीने कामाची पहिली पायरीच 'आई तीनदा ओरडते' ही होऊन बसते आणि मग शाळेत, जिथे तीनदा ओरडायला कुणी नसतं, काम सुरूच होत नाही. म्हणून शिकवताना मुलाच्या मागे उभं राहा, तोंड बंद ठेवा आणि हाताने किंवा बोटाने सुचवा. समोर उभं राहिलात तर मूल तुमचा चेहरा वाचत बसतं, काम बघत नाही. हात धरल्यावर मूल हात ओढून घेत असेल तर ओढाताण करू नका. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे नको वाटलं की त्याला सहज सोडता येतो.

एक काम जवळून बघू. सकाळी वर्गात शिरल्यावर दप्तर खुंटीला लावायचं. मोठ्यांच्या लेखी हे एक काम आहे, पण मोजली तर सहा निघतात: दाराशी थांबणं, एक पट्टा उतरवणं, दुसरा उतरवणं, दप्तराचा वरचा बंद पकडणं, आपली खुंटी शोधणं, बंद खुंटीत अडकवणं. हे शेवटाकडून शिकवायचं. पहिली पाच कामं तुम्ही सोबत करून घ्या, बंद खुंटीच्या टोकाशी आणा आणि तिथे थांबा. आत ढकलणं मुलाचं. ते सलग तीन दिवस ० वर आलं, की खुंटी शोधणंही त्याच्यावर सोपवा. असं एकेक करत मागे दाराशी पोहोचायचं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्या पट्ट्यातच अडकतं आणि रोजची सुरुवात अडकण्याने होते. शेवटाकडून शिकवलं तर रोज काम पुरं होऊनच संपतं.

यात नेहमी बिघडतं ते दप्तराच्या बंदात. तो मऊ असतो, बोटांत दुमडतो. त्यात चार-पाच सेंटिमीटरचं एक जाड कडं ओवा. खुंटी मुलाच्या छातीच्या उंचीवर हवी आणि तिच्यावर नावापेक्षा चित्र बरं: मुलाच्या आवडीचं, मोठं, एकच.

ताप येऊन गेला, सुट्टी झाली, झोप मोडली, की आकडा एखादी पायरी वर चढतो. तो चार-आठ दिवसांत पुन्हा उतरतो. दोन आठवडे काहीच हललं नाही तर पायरी फार उंच आहे किंवा त्या कामातून मुलाला काहीच मिळत नाही, असं समजा आणि कामाचे आणखी लहान तुकडे करा.

शाळा सुरू होण्याआधी

ऑडिओलॉजिस्टकडून कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी. नावाने हाक मारल्यावर न वळणं स्वमग्नतेमुळे असू शकतं, कमी ऐकू येण्यामुळे असू शकतं आणि दोन्हीमुळेही असू शकतं. डोळे आणि दात यांचंही तेच. बद्धकोष्ठता या मुलांत वारंवार दिसते, आणि पोट दुखतंय हे सांगता न येणारं मूल वर्गात नुसतं अस्वस्थ दिसतं. मध्येच काही सेकंद शून्यात नजर लागते, हलवलं तरी प्रतिसाद नाही, असं वरचेवर होत असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. स्वमग्न मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. येत असलेली कौशल्यं जाऊ लागली तर त्यासाठी थांबूच नका.

मग शाळेची ओळख. शाळा रिकामी असताना दोनदा जाऊन या: एकदा पंधरा मिनिटं, एकदा अर्धा तास. फाटक, वर्गाचं दार, बसायची जागा, खुंटी, शौचालय, पाणी प्यायची जागा, बाई अशा सात-आठ गोष्टींचे फोटो काढा आणि त्यांची घरी एक छोटी वही करून रोज एकदा दाखवा. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मोठ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोतली शाळा त्याला वेगळीच वाटते.

शौचालयात स्वतंत्रपणे थोडा वेळ घालवा. तिथला घुमणारा आवाज, फ्लश आणि हात वाळवायचं मशीन या तीन गोष्टींमुळे घरी छान जमणारं मूल शाळेत दिवसभर लघवी धरून बसतं. फ्लशची खटकी आधी लांबून, मग दारातून, मग मुलाला स्वतः दाबू द्या. जो आवाज आपण काढतो त्याची भीती कमी वाटते. शाळेच्या गणवेशाच्या चड्डीला बटण आणि चेन असेल तर इलॅस्टिकची परवानगी मागा. बटणाचा सराव घरी निवांत करता येईल, शाळेत त्या क्षणी तेवढा वेळ नसतो.

बसताना पाय जमिनीला टेकायला हवेत. लोंबकळणाऱ्या पायांनी मूल सारखं सरकतं, उठतं, आणि शेरा येतो 'एका जागी बसत नाही'. पायाखाली एक खोकं किंवा पाट ठेवला तर हा शेरा कधीकधी तिथेच संपतो. जागा भिंतीच्या बाजूला, फळा सरळ दिसेल अशी. दाराशी नको, आवाज करणाऱ्या पंख्याखाली नको. सगळ्यात मागे तर नकोच, कारण तिथून मूल पुढच्यांच्या हालचालींत हरवतं.

आणि एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा: फाटक कोण लावतं, आणि आवारात किंवा आसपास उघडं पाणी आहे का? नजर चुकवून निघून जाणं या मुलांत सर्रास घडतं. अनेकांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाण नसते. मुलाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहून ठेवा. पोहणं जितकं लवकर शिकवता येईल तितकं बरं.

पहिल्या आठवड्यात पूर्ण वेळ बसवण्याचा हट्ट नको. पाऊण तासाने सुरुवात करा आणि मूल शांत असतानाच घेऊन या. रडायला लागल्यावर नेलं तर 'रडलं की घरी जातात' हा धडा पक्का होतो. तीन दिवस चांगले गेले की अर्धा तास वाढवा. निरोप रोज सारखाच, दहा सेकंदांचा. दाराआड रेंगाळून डोकावणारे पालक शिक्षकांचं काम दुप्पट करतात, हे स्पष्टच सांगतो.

मागता येणं

बोलता येण्याआधी मागता यायला हवं. वर्गातल्या पुष्कळशा ओढाताणीच्या, चावण्याच्या, पळण्याच्या मुळाशी चार न सांगता आलेली वाक्यं असतात: 'हवंय', 'नको', 'मदत कर', 'थोडं थांबू दे'. ती तोंडाने, खुणेने, चित्राने किंवा टॅबलेटवरून, कशीही चालतील. चित्र दिलं तर मूल बोलायचं राहील ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण यावर झालेल्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट वाढतं.

चित्र देऊन मागायला शिकवण्याची 'पेक्स' ही पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये १९८५ साली बसवली. तिच्या पहिल्या टप्प्यातली एक बारीक गोष्ट घरोघरी चुकते. तिथे दोन मोठी माणसं लागतात. एक जण आवडती वस्तू घेऊन मुलासमोर बसतो, पण 'काय हवंय?' असं विचारत नाही. दुसरा मुलाच्या मागे असतो आणि मूल वस्तूकडे झेपावलं की त्याचा हात चित्राकडे वळवून ते चित्र समोरच्याच्या हातात द्यायला लावतो. चित्र हातात पडताक्षणी समोरचा वस्तूचं नाव घेतो आणि ती देतो. प्रश्न विचारून सुरुवात केली तर मूल मागण्याऐवजी प्रश्नाची वाट बघायला शिकतं, आणि वर्गात तीस मुलांमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

'थोडं थांबू दे' याचं कार्ड शांत वेळी शिकवायचं. कामाला बसून एक-दोन मिनिटं झाली, अजून कंटाळा आलेला नाही, तेव्हा कार्ड द्यायला लावा आणि लगेच दोन-तीन मिनिटांची सुट्टी द्या. वाळूचं घड्याळ उलटं केलं की सुट्टी संपल्याचं ते सांगतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. पहिले दोन आठवडे कार्ड दिलं की दर वेळी मान्य करायचं, मग ते तासाला दहा वेळा का असेना. इथेच बहुतेक वर्गांत गाडी घसरते. तिसऱ्याच वेळी 'आत्ताच तर घेतलीस' असं म्हणून कार्ड परत केलं जातं, मूल पुन्हा वही फेकतं, आणि वही फेकल्यावर सुट्टी मात्र मिळतेच. कार्डावरचा विश्वास बसल्यावर हळूहळू 'आणखी एक ओळ, मग सुट्टी' सुरू करता येतं.

बोलणाऱ्या मुलांत ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं दिसतं. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यांच्यातही हे होतं. पुढे वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की अशा पुनरावृत्तीमागे बहुतेकदा हेतू असतो: मागणं, होकार देणं, स्वतःला शांत करणं. 'तुला पाणी हवंय?' असं मूल स्वतःच म्हणतं, तेव्हा त्याला पाणी हवं असतं. त्याने ऐकलेलं पाण्याचं वाक्य तेच असतं. म्हणून त्याला हवं ते वाक्य त्याच्या बाजूने पुरवा. पाण्याकडे हात गेला की त्याच्या शेजारी बसून 'मला पाणी हवंय' म्हणा आणि पाणी द्या. 'तुला नाही, मला म्हण' अशी दुरुस्ती केलीत तर तेही वाक्य जसंच्या तसं परत येईल.

आणि थांबा. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. पाचव्या सेकंदाला आपण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, तेव्हा मुलाने आत जुळवत आणलेलं सगळं विस्कटतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी–मग आणि 'संपलं'चा डबा

एक पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. पाच सेंटिमीटर चौरस चित्रं, मागे वेल्क्रो. वेल्क्रोची मऊ बाजू चित्राला आणि खरखरीत पाटीला, किंवा उलट. पण घरी आणि शाळेत एकच नियम ठेवा, नाहीतर शाळेतलं चित्र घरच्या पाटीला चिकटत नाही. लॅमिनेशन चकचकीत नको, दिव्याखाली चित्र दिसेनासं होतं. कोपरे गोल कापा, ते टोचतात आणि चावलेही जातात.

डावीकडे छोटं काम, उजवीकडे आवडीची गोष्ट. पहिले काही दिवस 'आधी' मधलं काम अर्ध्या मिनिटात संपेल इतकं लहान हवं, आणि 'मग' मधली गोष्ट लगेच मिळायला हवी. पाटी धमकीसाठी वापरली की ती मेली. 'हे केलं नाहीस तर ते मिळणार नाही' असं म्हणत ती नाचवली, तर मूल पाटी बघताच डोळे मिटतं.

पुढे दोनाच्या जागी चार चित्रांची पट्टी होते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ साली स्वमग्न मुलांसाठी सुरू केलेल्या 'टीच' कार्यक्रमातून आलेली एक गोष्ट इथे फार कामाची आहे: बसलेल्या मुलाला चार प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी दिसली पाहिजेत. काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं कळणार, आणि नंतर काय? म्हणून डावीकडे तीन ताटल्या, प्रत्येकीत एक काम. उजवीकडे एक रिकामा डबा, तो 'संपलं'चा. काम झालं की डब्यात. डावीकडच्या ताटल्या संपल्या की काम संपलं, आणि डब्याच्या वर 'नंतर काय'चं चित्र. असं मांडून ठेवलं की आपल्याला बोलावं लागत नाही. मूल लवकर संपवतंय असं बघून चौथी ताटली सरकवण्याचा मोह मात्र आवरा. 'संपलं' खोटं ठरलं की मांडणीवरचा सगळा विश्वास जातो.

बदलाची सूचनाही अशीच दिसायला हवी. 'पाच मिनिटांनी' हे मुलाला कळत नाही, तीन बोटं एकेक करून मिटलेली कळतात. रोजच्या क्रमात अचानक बदल असेल तर पट्टीवरच्या त्या जागी 'बदल' असं ठरलेलं चित्र लावा. ते आधी आनंदाच्या बदलासाठी दोन-चारदा वापरा, म्हणजे ते दिसताच पोटात गोळा येत नाही.

घटना लिहा, स्वभाव लिहू नका

शाळेतून 'आज खूप त्रास दिला' असं सांगितलं गेलं, की त्यातून काहीच कळत नाही. दहा दिवस तीन रकाने भरा: लगेच आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर लगेच काय झालं. सोबत वेळ आणि किती मिनिटं. 'चिडला' असं नको. 'दोन्ही कान झाकून टेबलाखाली गेला, चार मिनिटं' असं हवं. दहा दिवसांत ठिपके जुळतात. रोज सव्वाअकराला होतं म्हणजे शेजारच्या वर्गाचं संगीत सुरू होत असेल. दर वेळी लिखाणाच्या आधी होतं आणि नंतर वही बाजूला होते म्हणजे मूल लिखाण टाळतंय, आणि लिखाण टाळण्यामागे बहुतेकदा दुखणारी बोटं असतात. कुठलाच ठिपका जुळत नसेल तर पुन्हा पोट, दात, कान, झोप.

हट्ट आणि मेल्टडाउन यांत फरक करा. हट्टात मूल मधेच आपल्याकडे बघून घेतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मागितलेली वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, कारण तिथे मागणं उरलेलंच नसतं, सहन होण्यापलीकडचं झालेलं असतं. तेव्हा शब्द कमी करा, माणसं कमी करा, उजेड आणि आवाज कमी करा, डोकं आपटणार नाही इतकं बघा आणि बाजूला बसा. प्रश्न नको, समजावणं नको, 'सॉरी म्हण' तर नकोच. ओसरल्यावर लगेच अभ्यासाला बसवू नका; पूर्ववत व्हायला अर्धा तास लागू शकतो, कधी अख्खा दिवस.

'शाळेत अगदी शहाणा असतो, तुमच्याकडेच असं करतो' हे वाक्य ऐकलं तर मनाला लावून घेऊ नका. चार तास मूल स्वतःला आवरून धरतं आणि घराच्या उंबऱ्यात सोडतं. घरी आल्यावर पहिला पाऊण तास एकही प्रश्न, एकही वर्ग, एकही पाहुणा ठेवू नका. झोपाळा, उशांचा ढीग, अंधारा कोपरा, जे मूल स्वतः निवडेल ते. शाळेनंतर रोज दोन थेरपी लावलेल्या असतील तर त्यातली एक कमी करून बघा.

हात हलवणं, डोलणं, गोल फिरणं यांना हात लावू नका, जोवर इजा होत नाही. डोळ्यांत बघायची सक्तीही करू नका. अनेक मुलांना बघणं आणि ऐकणं एका वेळी झेपत नाही, आणि मान वळवून ऐकणारं मूल जास्त ऐकत असतं.

अक्षरं आणि आकडे

काही मुलं तीन-चार वर्षांची असतानाच पाट्या, जाहिराती, मथळे वाचू लागतात. नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी १९६७ साली या प्रकाराला हायपरलेक्सिया हे नाव दिलं. वाचन खरंच असतं, अर्थ मागे राहिलेला असतो. प्रश्न विचारून अर्थ शिकवता येत नाही. 'गोष्टीत कोण होतं?' याला उत्तर म्हणून तीच ओळ परत येते. त्याऐवजी कृतीची कार्डं करा: 'उडी मार', 'दार उघड', 'चमचा बाबाला दे'. मूल वाचतं आणि करतं, तोंडाने काही म्हणावं लागत नाही. मग 'चमचा दे' आणि 'चमचा दाखव' अशी जवळची जोडी द्या. इथे जो अडखळतो तो अजून नुसता आकार वाचतोय.

लिखाणात घाई सगळ्यात महागात पडते. हात साधारण या क्रमाने तयार होतो: उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकाचं चिन्ह, चौकोन, तिरकी रेघ, त्रिकोण. अधिकाचं चिन्ह चार वर्षांच्या आसपास, त्रिकोण पाचच्या आसपास. ज्याला अजून अधिकाचं चिन्ह बघून काढता येत नाही, त्याच्याकडून 'अ' गिरवून घेण्यात अर्थ नाही. 'अ' हे सुरुवातीचं अक्षर आहे ते वर्णमालेत, हातासाठी ते अवघडांपैकी आहे. गोल आणि उभी रेघ जमली की 'व' येतो. त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब', आणि उजवीकडे हुकासारखं वळण जोडलं की 'क'. असं एकातून दुसरं काढत गेलं की दर वेळी नवीन भाग एकच असतो. 'ग', 'म', 'न', 'त' पुढच्या खेपेला. शिरोरेघ शब्द संपल्यावर, एकदम.

कागद भिंतीला चिकटवून उभ्याने लिहू द्या, मनगट आपोआप योग्य कोनात येतं. खडू मोडून अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे द्या; इतका तोकडा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. एका बैठकीला पाच मिनिटं पुरेत. बोटं दुखणाऱ्या मुलाला उत्तर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवून किंवा टाइप करून देऊ द्यायला शाळेला सांगा. भूगोलाचं उत्तर येतंय की नाही हे बघायचं असेल तर अक्षर मधे आणू नका.

आकड्यांत म्हणणं थांबवा, देणं सुरू करा. 'एक दे', 'दोन दे' पक्कं झाल्यावरच 'तीन दे'. बटणं, चमचे, चकत्या, दर वेळी वेगळी वस्तू. नाहीतर तीन म्हणजे तीन बटणंच, असं मुलाला वाटतं. वीसच्या पुढे मराठीची एक खास खोच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यामुळे ऐकलं तसं लिहिणारं मूल ५२ लिहितं. ही चूक गणिताची नाही. २० चं लांब कार्ड आणि त्याच्या शून्यावर बसणारं ५ चं आखूड कार्ड करा. काही आठवडे 'वीस आणि पाच, पंचवीस' असं दोन्ही म्हणा आणि कार्डं एकमेकांवर ठेवा.

शाळेशी व्यवहार

बाईंना दहा पानांचा रिपोर्ट देऊ नका. एकच पान, मोठ्या अक्षरात, पाच गोष्टी: मूल कसं मागतं, काय सहन होत नाही, बिघडायच्या आधी काय दिसतं (उदाहरणार्थ कॉलर चावायला लागतं), तेव्हा काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही. सहावी ओळ लिहायचीच तर त्याला काय मनापासून आवडतं ती.

रोजच्या वहीत 'चांगला/वाईट' नको. तीन प्रश्न, प्रत्येकाला एक आकडा: दप्तर लावताना मदत किती, सुट्टीचं कार्ड किती वेळा स्वतः दिलं, शौचालयात गेलं का. वीस सेकंदांत भरून होईल एवढीच वही टिकते.

उद्दिष्ट लिहिताना बघणाऱ्या दोन माणसांचं एकमत होईल असं लिहा. 'लक्ष वाढवणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'पट्टीवरचं चित्र बदलल्यावर दहा सेकंदांत आपल्या जागी जाईल. पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस, दोन वेगवेगळ्या शिक्षकांबरोबर' हे उद्दिष्ट. दोन शिक्षकांची अट महत्त्वाची. एकाच माणसाबरोबर जमलेलं काम पुष्कळदा त्या माणसालाच चिकटलेलं असतं. एका सत्रात तीनपेक्षा जास्त उद्दिष्टं नकोत.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त तुमच्या मुलासाठी असणारे मदतनीस, ठेवणार असाल तर त्यांची जागा मुलाच्या मागे, तिरकी. मूल आणि वर्गशिक्षिका यांच्या मधे नव्हे. सूचना बाईंनीच द्यायची, मदतनिसांनी ती पुन्हा म्हणायची नाही, दहा सेकंद थांबून बोट दाखवायचं. मदतनीस रजेवर असताना मूल काय करतं तो खरा आकडा. महिन्यातून एकदा मुद्दाम अर्धा तास त्यांना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा आणि काय दिसलं ते लिहा.

वर्ग बदलताना नव्या बाईंना वही द्या, सध्या वापरात असलेली चित्रं द्या आणि एक यादी द्या, 'हे आता लागत नाही' अशी. ती यादी सहसा कुणी देत नाही, आणि मग नव्या वर्गात मुलाला गेल्या वर्षीची सगळी मदत पुन्हा सुरू होते. नवा वर्ग रिकामा असताना दोनदा दाखवा, फोटोंची वही नवी करा. खुंटीवरचं चित्र मात्र जुन्या वर्गातून काढून तेच तिथे लावा.